साखरपुड्याच्या दिवशी धरलेला हात

अगं सुमे, ये, जवळ बस अशी. साखरपुडा ठरवलास आणि मावशीला नुसता फोन? शोभतं का गं तुला?

काल शेजारणीनं गच्चीतल्या गुलाबांवर औषध फवारलं, आणि त्या उग्र वासानं मी इंदिरानगरातून थेट दिंडोरीच्या द्राक्षबागेत जाऊन पोचले. मी तिथं घड विरळायला जायची, तुझे काका फवारणीला. ते रोज ओरडायचे, “ए पोरी, ती ओळ सोड, आत्ताच मारलीय!” स्वतः मात्र पिंपात कोपरापर्यंत हात घालून औषध ढवळायचे.

मी म्हणायची, “काठी नाय का?”

“हातानं बरं मिसळतं. तुला लय काळजी!”

पुढं डबा एकत्र खायला लागलो, आणि हंगाम संपता संपता त्यांच्याकडून मागणी आली.

साखरपुड्याला अंगठी घालायला त्यांनी माझा हात धरला. दोनदा साबणानं धुतलेला त्यांचा हात, तरी तोच वास. मी तोंड फिरवलं. बायका हसल्या, “लाजली गं, लाजली!” मला वाटलं, कष्टाच्या माणसाचा वास आहे, होईल सवय. झालीही.

पंधरा वर्षांनी ते आजारी पडले, तेव्हा डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, “काम काय करतात हे?” ते दिवाळीपर्यंतही राहिले नाहीत.

त्या दिवशी मी म्हणाले असते ना, हे काम सोडा, मग अंगठी घाला, तर त्यांनी ऐकलं असतं गं. नंतर कधी ऐकलं नाही, पण त्या दिवशी ऐकलं असतं. मी नुसतं बोट पुढं केलं.

रविवारी ये. साखरपुड्याच्या आधीच ये, होणाऱ्या नवऱ्यालाही घेऊन. तुझं त्याला काही सांगायचं राहिलं असेल, तर इथं माझ्यासमोर सांग.