सात मिनिटांवरचं घर

माझी मोठी मावशी दातांच्या कवळ्या करते. तेवीस वर्षं ती आमच्या गावातल्या एकाच दातांच्या डॉक्टरांकडे होती. दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेणात दात बसवायचे, प्लॅस्टरचे साचे फोडायचे, कवळी घासून गुळगुळीत करायची, हे तिचं काम. परक्या तोंडांतून निघालेले ठसे रोज हाताळणारी ही बाई घरात मात्र कपाला ओठांचा पुसटसा डाग दिसला, तरी तो कप पुन्हा घासायला टाकते. नाक तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

डॉक्टरांनी वय झालं म्हणून दवाखाना बंद केला तेव्हा मावशी एकोणपन्नास वर्षांची होती. काका जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिच्या सासूबाई, दोघीच. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात कवळ्यांच्या कारागिराची जागा निघाली, मावशीने अर्ज केला आणि तिला ती मिळाली. मी त्याच शहरात मुलींच्या वसतिगृहात राहत होते, त्यामुळे घर शोधायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

मावशीच्या अटी दोनच होत्या. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसलं पाहिजे, आणि कामावर जाताना वाहन बदलावं लागता कामा नये. ''दिवसभर मान मोडून काम करायचंय,'' ती म्हणाली. ''येताजाता आणखी मोडायला माझ्याकडे दुसरी मान नाही.''

शहराच्या मध्यात तर आमच्या खिशाला परवडेल असं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही उपनगरांकडे वळलो. मी एक दलाल गाठला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. कुठल्याही घराबद्दल मेट्रो स्टेशन किती लांब विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं, ''सात मिनिटं.'' दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याला आपसात सातमिनिटे म्हणायला लागलो. ऐकणाऱ्याला ते आडनावच वाटायचं.

पहिल्या घरापासून स्टेशनपर्यंत मावशी घड्याळ लावून चालली. एकतीस मिनिटं लागली. वाटेत एक नाला होता, त्यावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावरून जायचं. पत्र्याखाली काळं पाणी बुडबुडत होतं. मावशीने पदराने नाक दाबलं ते पलीकडे जाईपर्यंत सोडलं नाही.

''सात मिनिटं कुणाची हो?'' तिने विचारलं.

''गाडीने धरलीत तर सातच होतात, ताई.''

''गाडी असती तर मी तुम्हाला स्टेशन कशाला विचारलं असतं?''

दुसरं घर खरंच स्टेशनाला लागून होतं. स्वयंपाकघराची भिंत लांबून पिवळी रंगवल्यासारखी दिसत होती. मावशीने तिला नख लावलं, तर नख आत रुतलं. तो रंग नव्हता, वर्षानुवर्षांचं तेल होतं. न्हाणीघरातल्या जाळीवर केसांचा एवढा मोठा पुंजका होता, की मला आधी उंदीर मरून पडलाय असंच वाटलं.

''आधीच्या भाडेकरूंचे आहेत,'' घरमालकीण हात झटकत म्हणाली.

''ते कधी गेले?''

''सहा महिने झाले.''

''म्हणजे सहा महिने तुम्ही जपून ठेवलेत,'' मावशी म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

तिसऱ्या उपनगरात घर बरं होतं, पण शेवटची बस संध्याकाळी साडेपाचला सुटायची. मावशीची सुट्टी सहाला. सातमिनिट्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ''साहेबांना सांगून जरा लवकर निघत जा.'' आम्ही तिघं एका टपरीपाशी उभे होतो. बोलताना त्यांची वरची कवळी सुटून खाली येत होती आणि ते जिभेने ती परत वर ढकलत होते. मावशी बघत राहिली. परतताना मला म्हणाली, ''तो खोटं बोलतो त्याचं मला एवढं काही वाटत नाही, ते त्याचं पोट आहे. पण असली कवळी ज्याने माणसाच्या तोंडात कोंबली आणि वर पैसे घेतले, त्याची किळस येते.''

नोकरीवर रुजू व्हायला पाच दिवस उरले होते तेव्हा चौथं घर दिसलं. पहिला मजला, दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायला छोटा सज्जा. फरशी लख्ख. स्टेशन आठ मिनिटांवर, घड्याळ लावून मोजलेलं. तिथून रुग्णालयापर्यंत थेट मेट्रो. भाडं थोडं वर जात होतं, पण झेपलं असतं. घरमालक तळमजल्यावर राहायचे. निवृत्त शिक्षक, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, पंखा वाढवला.

''राहणार कोण कोण?''

''मी आणि माझ्या सासूबाई.''

''वय काय त्यांचं?''

''एक्याऐंशी.''

त्यांनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. ''गैरसमज करून घेऊ नका. पण या वयाची माणसं मी ठेवत नाही. उद्या काही कमीजास्त झालं, तर पुढे घराला गिऱ्हाईक मिळत नाही. त्यांची दुसरीकडे कुठे सोय नाही का होणार?''

जुनं कपाट कुठे टाकायचं ते विचारावं तसं त्यांनी विचारलं. मावशी उठली. बाहेर आल्यावर सातमिनिटे तिच्या कानाशी लागले. ''ताई, एकट्याच राहणार असं सांगा. कागद करून घेऊ. आठ दिवसांनी आजींना पाहुण्या म्हणून आणा. पाहुण्यांना कोण हाकलतं? सगळे असंच करतात.''

मला वाटलं, आता ती त्यांना फाडून खाणार. ती तडक चालायला लागली. स्टेशनवर बाकावर बसून राहिली, दोन गाड्या जाऊ दिल्या. मग म्हणाली, ''सांग त्याला, एकटीच राहणार म्हणून.''

आठ दिवसांनी आजी आल्या. मी त्यांना आजीच म्हणते. मावशीने त्यांना समजावून सांगितलं, की मालक पुढच्या बाजूला असतात तेव्हा पुढच्या खिडकीशी उभं राहायचं नाही. दिवसा रेडिओ नको. दाराची बेल वाजली तर उघडायचं नाही. आजींनी मान डोलावली. उभा जन्म त्यांनी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करण्यात घालवला होता. आता त्या दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायच्या. मावशी संध्याकाळी आली, की दोघी कुजबुजत बोलायच्या. पुढे पुढे मावशीला कुजबुजायची एवढी सवय झाली, की एकदा रुग्णालयाच्या कँटीनमध्येही ती माझ्याशी हळू आवाजात बोलत होती.

असे तीन आठवडे गेले. एका शनिवारी तिला अर्धी सुट्टी होती. मीही तिच्याबरोबर घरी निघाले. जिन्यात मालक भेटले, वरून खाली येत होते.

''वरच्या नळाने खाली ओल येतेय वाटलं, म्हणून बघून आलो. तुम्ही नव्हतात, तर माझ्याकडच्या किल्लीने उघडलं,'' ते म्हणाले. ''घर छान ठेवलंय हं.''

त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मावशी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. बाहेरची खोली रिकामी, आतली रिकामी, न्हाणीघर रिकामं. ''आई,'' तिने हाक मारली.

मागच्या सज्जात चादर वाळत घातली होती. चादरीखालून दोन पाय दिसत होते. मावशीने चादर सरकवली. उपड्या बादलीवर आजी बसल्या होत्या, अंग चोरून, मांडीवर स्वतःच्या चपला घेऊन.

''गेला का गं तो?'' त्यांनी हळूच विचारलं. ''कुलपाचा आवाज आला तशी इकडे आले. चपलासुद्धा उचलल्या मी. दिसल्या असत्या ना दाराशी.''

शाबासकीची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या त्या सुनेकडे बघत होत्या. मावशीने त्यांच्या मांडीवरच्या चपला घेतल्या, खाली ठेवल्या, त्यांच्या पायांत सरकवल्या. मग ती मोरीत गेली आणि ओकली. मी पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला.

''मला घाण वाटतेय,'' ती म्हणाली. ''माझीच.''

तोंड धुऊन ती सरळ खाली गेली. मी मागोमाग. मालकांना तिने उभ्याउभ्या सांगितलं, ''माझ्या सासूबाई इथे माझ्याबरोबर राहतात. तीन आठवडे झाले. मी तुमच्याशी खोटं बोलले. महिनाअखेरीला आम्ही जागा सोडतो.''

मालकांचा आवाज मऊच राहिला. ''मला वाईट वाटतं. पण नियम तो नियम. जाताना घर स्वच्छ करून द्या म्हणजे झालं.''

''स्वच्छ करायचं होतं ते आत्ता केलं,'' मावशी म्हणाली.

वर येऊन तिने पुढची खिडकी सताड उघडली आणि आजींची खुर्ची तिथे नेऊन ठेवली.

त्यानंतर तिने दलालाचं नाव काढलं नाही. तिची नवीनच रीत सुरू झाली. सहा वाजता सुटली, की रुग्णालयासमोरच्या थांब्यावरून रोज वेगळ्या नंबरची बस धरायची आणि ती जाईल तिथपर्यंत जायचं. कोण कुठे उतरतं, उतरून किती चालतं, बघायचं. शेवटच्या थांब्यावर उतरून आसपासच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या आणि त्याच बसने परत यायचं. पुढच्या खिडकीत आजी दिवसभर बसून असायच्या, आणि मालक मान खाली घालून फाटकातून येजा करायचे.

पाचवी बस डेपोपर्यंत गेली. डेपोजवळ राहणं म्हणजे सकाळी रिकामी बस आणि हमखास बसायला जागा, हे मावशीच्या लगेच लक्षात आलं. मग वास आला. डेपोमागे शहराचं सांडपाणी शुद्ध करायचे मोठे हौद होते. तिथली भाडी एवढी कमी का, ते वेगळं विचारायला नको होतं.

डेपोसमोर एक बाई गाद्या भरून द्यायची. तिच्या कारखान्यामागे तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. गादीवाली केसांत कापूस घेऊनच बाहेर आली. ''वासाचं आधी सांगते,'' ती म्हणाली. ''दुपारी वारा फिरला की वाढतो. उन्हाळ्यात जास्त. डोकं उठतं. घरात कोण कोण आहे?''

मावशीने श्वास घेतला. ''सासूबाई आहेत. एक्याऐंशीच्या. त्या माझ्याबरोबर राहणार.''

''मग त्यांना दुपारी घेऊन या. माणसाने वास घेऊन मग हो म्हणावं.''

रविवारी दुपारी आम्ही आजींना नेलं. वारा फिरला होता. कुजलेल्या पाण्याचा तो जाड वास घशात जाऊन बसत होता. मी ओढणी तोंडावर धरली. आजींनी दोन वेळा नीट हुंगलं.

''घाण आहे गं,'' त्या मोठ्याने म्हणाल्या. मग दाराबाहेरच्या कट्ट्याकडे बघितलं. समोरून ड्रायव्हर-कंडक्टर येत-जात होते. ''इथे बसलं तर चालतं का?'' त्यांनी गादीवालीला विचारलं.

''बसा की. गादी देते एक.''

याला चार वर्षं झाली. डेपोतल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या घरी काय चाललंय, ते आजींना ठाऊक असतं. मावशीला सकाळी बसायला जागा मिळते. पण वासाची तिला अजून तितकीच किळस येते. दुपारी घरी असली तर खिडक्या लावते, चिडते, पाणी पीत नाही.

''होईल सवय,'' मी एकदा म्हणाले.

''नको मला सवय,'' ती म्हणाली. ''असल्या गोष्टींची सवय मला किती पटकन होते, ते मी बघितलंय.''

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती महानगरपालिकेला तक्रारीचं पत्र लिहिते. हौद झाका, पाणी नीट सोडा, इथे माणसं राहतात. खाली ती सही करते, शेजारी आजी थरथरत्या अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहितात. आजवर एकच उत्तर आलंय, तक्रार नोंदवली आहे असं. मावशी पत्र डेपोजवळच्या पेटीत टाकते आणि सकाळची बस धरते.