अंगठ्यानं काढलेलं शेत

माझ्या डाव्या घोट्याबद्दल घरात सगळ्यांना बोलता येतं, मला सोडून. मुलगा बोलतो, सून बोलते, शेजारचा पेन्शनर बोलतो. ज्याचा घोटा त्यानं फक्त ऐकायचं. म्हणून आता मी लिहितो. मी तिसरीपर्यंत शिकलो. शुद्धलेखन बघायला बसणाऱ्यानं हे वाचू नये.

घोटा वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून उडी मारली, पाय ढेकळावर पडला आणि आत मुरगळला. हाडं बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या, एकवीस दिवस पाय टेकू नको म्हणाला. आठव्या दिवशी मी तिफण धरली. या गोष्टीची मी लई वर्षं फुशारकी मारली. पण घोटा तेव्हापासून ढिला पडला, कुठं खड्डा आला की आत वळायचा. ते मी कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. पोळ्याला पहिली जोडी आमच्या घराची. वेशीतल्या तोरणाखालून ती गेल्याशिवाय दुसऱ्याचा बैल हलत नाही, आणि मारुतीच्या देवळाला पाच फेरे होईपर्यंत तिच्या पुढं कुणी जायचं नाही. कासरा घरातल्या थोरल्यानं धरायचा, अनवाणी. त्याला चालवत नसेल तर कासरा भावकीतल्या, वयानं त्याच्या खालच्याकडं जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. माझ्या खालचा म्हणजे माझा चुलतभाऊ. माझा मुलगा त्याच्याहून लहान, शिवाय बैलाला भितो.

मागच्या पोळ्याला तिसऱ्या फेऱ्यात देवळामागच्या दगडी पायरीवर घोटा वळला. मी चिखलात बसलो. कासरा हातातून सुटला तो चुलतभावानं झेलला आणि उरलेले फेरे बैल पळवत काढले. मग पारावर सगळ्या गावापुढं कासरा माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "दादा, या साली तुमच्या नावानं फिरवली. पुढल्या साली नाव बी माझंच लावू."

लोक हसले. कोण कोण हसलं ते माझ्या ध्यानात आहे.

होळीनंतर मुलगा मला नांदेडला घेऊन गेला. त्याचं घर विष्णुपुरीच्या धरणाकडं. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक बाई होती, बाई कसली, माझ्या नातीच्या वयाची पोरगी. तिनं घोटा हातात घेतला.

"बाबा, किती जुनं दुखणं?"

"तुमच्या वयाएवढं."

तिनं हाडाखाली बोट दाबलं. "दुखतं?"

"न्हाई."

"मग डोळ्यात पाणी कशाचं?"

"तुमच्या पंख्याचं."

ती म्हणाली, हाड ठीक आहे, भोवतीचा जोर गेलाय. पाय कुठं पडतोय ते घोट्याला कळत नाही, म्हणून तो वळतो. भिंत धरून टाचा उचला. भिंत धरूनच एका पायावर उभं राहा. ओढ बसली तर चालेल, कळ आली की थांबा. इथवर मी ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आता बसून पाय अधांतरी धरा. अंगठा म्हणजे पेन समजा. हवेत अ, आ, इ लिहा. सगळी अक्षरं, दिवसातून दोनदा."

मी उठलो.

दुसरीत असताना माझा पाय पाटीला लागला होता. मास्तरांनी ती पाटी कपाळाला धरायला लावून मला शाळा सुटेपर्यंत वर्गापुढं उभं केलं. त्या दिवसापासून कागदाच्या कपट्याला जरी पाय लागला तरी मी वाकून हात लावतो आणि कपाळाला नेतो. कपट्यावर बियाण्याची जाहिरात का असंना. मला मोजकी अक्षरं येतात, आणि ती मी फुकट मिळवलेली नाहीत.

"पायानं अक्षर लिवायचं?" मी म्हणालो. "तुमी शिकलेल्यांनी लिवा. तुमच्याकडं लई हायेत."

"हवेत लिहायचं बाबा. कुठं उमटत नाही."

"देवाला शिवी बी हवेतच देतेत."

मुलगा खाली बघून म्हणाला, "अण्णा, बसा ना. लोक बघायलेत."

लोक बघत होते म्हणूनच मी बसलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी माझा व्यायाम सुरू केला. पहाटे पन्नास बैठका, मग धरणाकडच्या चढाला तरातरा जायचं आणि तसंच उतरायचं. पांढरे बूट घालून फिरणारे साहेबलोक तिथं होते. त्यांना मागं टाकताना मी मुद्दाम खाकरायचो. चौथ्या दिवशी घोटा भरताच्या वांग्याएवढा झाला. मी धोतर खाली ओढलं आणि बाजेवर बसून राहिलो. चहाला स्वयंपाकघरात गेलो नाही तेव्हा सून आली.

"मामा, धोतर वर करा."

"सुना सासऱ्याला असं बोलतेत का?"

"मग यांना बोलावते. ते करतील."

मी वर केलं. तिनं बर्फ टॉवेलात गुंडाळून आणला आणि माझ्यावर राग असल्यासारखा घोट्यावर ठेवला. होताच राग. म्हणाली, "या घोट्यावर कासरा धरणार? त्यापेक्षा बैलांनाच सांगा, तुम्हाला पाठीवर घेऊन फेरे घालायला."

मी टॉवेल तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच धरून बसलो.

त्याच आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. "दादा, पाय कसा हाय? आराम करा. झुली शिवायला टाकल्यात मी. लाल." लाल झूल गावात फक्त मानाच्या जोडीवर पडते. मी फोन ठेवला आणि मुलाला म्हणालो, "गाडी काढ. त्या पोरीकडं जायचं."

तिनं सूज बघितली. "पन्नास बैठका कुणी सांगितल्या?"

"कुणी न्हाई."

"तेच तर." मग म्हणाली, सूज उतरेपर्यंत काही करायचं नाही. त्यानंतर मी सांगते तेवढंच, एकानंही जास्त नाही. सकाळी उठल्यावर कालच्यापेक्षा घोटा जास्त सुजलेला दिसला तर आदल्या दिवशी जास्त झालं, एवढं समजायचं आणि कमी करायचं. माझं वय, माझा मान, काही तिच्या हिशेबात नव्हतं. तिचं बोलणं मला आवडलं नाही, अजून आवडत नाही.

सूज उतरल्यावर परत गेलो तेव्हा तिनं विचारलं, "अक्षरं लिहायची नाहीत ना? मग दुसरं काय पाठ आहे तुम्हाला?"

"शेत."

"मग शेत काढा."

मी पाय उचलला आणि अंगठ्यानं हवेत शेत काढलं. विहिरीपासून निघालो, पूर्वेच्या बांधानं लिंबापर्यंत, तिथून नाल्याच्या वळणानं खाली, मग पश्चिमेच्या बांधानं वर. पायाला माती लागण्यात पाप नसतं, म्हणून शेत काढता येतं. पश्चिमेला आल्यावर पाय थरथरला.

"इथं एवढा जोर का लावताय?" तिनं विचारलं.

"इथं चुलतभाऊ हाय. दर साली नांगरताना हातभर आत येतो."

"येऊ द्या. तुम्ही हळू जा. घोटा फिरवा, गुडघा नाही."

उन्हाळाभर रोज दोनदा मी ते शेत काढलं. चौकट धरून टाचा उचलल्या. आधी दोन्ही पायांवर, महिन्याभरानं एकावर. मग तिनं गोधडीची घडी घालून तिच्यावर अनवाणी उभं राहायला लावलं, कारण पोळ्याला बूट चालत नाहीत हे मी तिला बजावलं होतं. सून दारात उभी राहून मोजायची. मी एक जास्त करायला गेलो की म्हणायची, "झालं. फोन करू का बाईंना?" अशी बाई घरात असली की माणसाला दुसरा दुश्मन लागत नाही. धरणाकडं जायचो तेही सपाट रस्त्यानं, हळू. पांढरे बूटवाले मला मागं टाकायचे आणि वर नमस्कार करायचे. तो मी घेतला नाही.

पोळ्याच्या आधी ती पोरगी म्हणाली, "घोट्याला पट्टी बांधा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. आणि बाबा, पळायचं नाही."

"पोळ्याला बैल पळवतेत."

"तुम्ही नाही."

मी गावी परतलो. पोळ्याच्या दिवशी वेशीत सगळ्या जोड्या उभ्या राहिल्या. माझ्या बैलांवर मी मागच्याच साली आणलेल्या लाल झुली होत्या. चुलतभाऊ माझ्या पाठीमागं त्याची जोडी घेऊन उभा, काखेत नव्या झुलींची गुंडाळी, ऐनवेळी टाकता याव्या म्हणून. धोतराखाली पट्टी बांधली होती. तोरण तुटलं, हलगी वाजली, आणि मी चालायला लागलो. चाललो म्हणजे चाललोच. बैलांनी ओढ घेतली तर कासरा आखडून धरला, कारण आता उभं राहायला मला दोन पाय होते.

"दादा," मागून आवाज आला, "बैल हायेत का गाभण म्हशी? जरा उचला पाय."

मी मागं बघितलं नाही. देवळामागं पायरी आली. डावा पाय आधी खाली, मग उजवा. घोटा जागेवर राहिला. दुसरा फेरा, तिसरा फेरा, तीच पायरी, तसाच पाय. मानाच्या जोडीपुढं कुणी जायचं नाही, त्यामुळं सगळ्या गावाच्या जोड्या माझ्या पावलानं चालत होत्या. हलगीवाला कंटाळून हळू वाजवायला लागला. चुलतभावाची खोंडं मस्तीला आलेली, ती त्याला ओढत होती आणि तो मागं रेटत होता. चौथ्या फेऱ्यात त्याचा दम लागलेला मला ऐकू येत होता. तेव्हा मी आणखी थोडं हळू केलं. हे त्या पोरीनं सांगितलेलं नव्हतं.

पाच फेरे झाले. पारावर कासरा मी माझ्याच मांडीवर ठेवला. चुलतभाऊ समोर आला, शर्ट भिजलेला, काखेत तीच गुंडाळी.

"पुढल्या साली काय करताव दादा?" तो म्हणाला. "पुढल्या साली तर दिवस मावळंल फेऱ्यात."

मागच्या साली हसलेल्यांपैकी चौघं जण तिथंच होते. मी उजव्या पायावर उभा राहिलो, काही न धरता, आणि डाव्या अंगठ्यानं पारापुढच्या ओल्या मातीत विहीर, नाला आणि पश्चिमेचा बांध काढला. नाल्याच्या वळणापासून वरपर्यंत, त्यानं नांगरून घेतलेलं आत धरून, जिथं तो असायला पाहिजे तिथं. घोटा हलला नाही. चुलतभाऊ आधी पायाकडं बघत होता, मग रेघेकडं बघायला लागला.