नानांना जेवायला कुठं न्यायचं?

तिसगावच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा आईनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं नाही, नानांच्या मांडीवर ठेवलं. "तुमी खावा," म्हणाली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना खाऊ घाल बाबा. बाकी काय नगं." घरच्या शेळ्या टाकून तिला येता येत नव्हतं. नाना खिडकीत बसून समोरच्या सीटकडं बघत होते. पोटाच्या ऑपरेशननंतर त्यांनी अन्नच टाकलं होतं. दोन घास झाले की ताट सरकवायचे. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, पथ्य काही नाही, आवडेल ते द्या, पण वजन असंच उतरत गेलं तर माणूस हाती लागणार नाही. मी राहतो त्या गावाजवळ मोठा दवाखाना आहे, म्हणून बापाला घेऊन उत्तरेत चाललो होतो.

उत्तरेत म्हणजे काश्मीरला नव्हे. आपल्याच जिल्ह्याच्या वरच्या अंगाला, कोल्हार ओलांडून पुढं, पाटपाण्याच्या मुलखात. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला मी इथं आलो, त्याला सहा वर्षं झाली. खोली घेऊन एकटा राहतो. बायकोची नोकरी भिंगारला, पोरं तिच्यापाशी. तुम्ही तिसगावकडची मंडळी फोनवर म्हणता, "मजा हाय बाबा तुझी, बागायती गावात ऱ्हातोस, रोज हाटेल!" गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर हॉटेलवाले दारात येऊन उभे राहतील. पण काय मजा आहे ती एकदा ऐकाच.

आईच्या भाकरी शेवटी मीच खाल्ल्या. माझी खिचडी नानांनी चमच्यानं उकरून बघितली आणि "ह्ये आजाऱ्याचं" म्हणून सोडली. मग मेसचा डबा उघडला. चपाती ओढली की लांब होते, तुटत नाही. बटाट्याच्या भाजीला सोड्याचा वास. नानांनी वास घेतला, झाकण लावलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

मग मी गाव पालथं घातलं. स्टँडसमोर मिसळ मिळते. तर्री इतकी लाल की कपड्यावर सांडली तर धोब्यानं हात टेकावेत. मी केमिस्ट्रीचा माणूस, तो लाल कुठून येतो ते मला विचारूच नका. वड्याची कढई मी आजवर रिकामी बघितलेली नाही. तेल ट्रॅक्टरच्या ऑइलसारखं काळं, त्यातच रोज नवं ओततात. आणि फडकं एकच! त्यानंच टेबल, त्यानंच बशा, त्यानंच मालकाच्या मानेवरचा घाम. शी!

चहा घ्यावा तर शेजारी साखर कारखाना, त्यामुळं चहा म्हणजे नुसता पाक. आता गुळाच्या चहाचं खूळ आलंय, म्हणजे त्याच पाकात वर काडीकचरा. ग्लास बादलीत बुडवून काढला की झाला धुतला, आणि बादलीतलं पाणी सकाळचंच. घरोघरी गोठे आहेत, पण दूध सगळं डेअरीला जातं आणि हॉटेलात ताक मागितलं तर पिशवी फोडून देतात. मटणाच्या खानावळीवर पाटी आहे, 'गावरान, चुलीवरचं'. दारात चूल मांडलीय, लाकडं रचलीत, गिऱ्हाइकं तिथं फोटो काढतात. ती लाकडं कधी पेटत नाहीत. आत गॅसच्या टाक्या. वरून कीर्तन, आतून तमाशा! रश्श्यावर बोटभर तेल, आणि शेजारच्या टेबलावर भरदुपारी बाटली उघडून बसलेली मंडळी पायाशीच थुंकतात. पाण्यानं तुडुंब भरलेला हा मुलूख, आणि आजारी म्हाताऱ्याला वाटीभर धड पिठलं मिळू नये? तळपायाची आग मस्तकात जाते.

ऊसतोडीचा हंगाम चालू होता. कारखान्याच्या अंगाला आपल्याच पाथर्डीकडच्या लोकांच्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या. नाना आणि आई दरसाल अशाच कोपीत येऊन राहायचे, ऊस तोडायचे. मी त्या पाचटावरच लहानाचा मोठा झालो. म्हटलं, इथं तरी आपल्या चवीचं मिळेल. एका मावशीनं गाव विचारलं आणि लगेच बाजरीची भाकरी थापून दिली, वर लसणाची चटणी. गरम आहे तोवर पोचावं म्हणून मी गाडी दामटली.

नानांनी भाकरी नाकाशी नेली. "कुठनं आनली?"

"कोपीवरनं."

ताट भिंतीवर जाऊन आपटलं. "उभा जलम त्येच खाल्लं ना रं! कुडकुडत, पाचटावर बसून. आता मरतानाबी त्येच चारतो व्हय?"

माझाही तोल गेला. "मग खाणार काय तुम्ही? अख्खं गाव हिंडून आलो. त्या मटणाच्या खानावळीत तर लोक पायाशीच थुंकतात. सगळ्या हॉटेलात नुसती घाण आहे!"

"घान?" नाना उठून बसले. "घान आसंल तर मान्सं कशाला बसत्यात तिथं?"

मग हळूहळू बोलायला लागले. उसाची गाडी भरून कारखान्याकडं चालली की वाटेत चढाला एक हॉटेल होतं. चढावर बैल हळू व्हायचे. "आत पंखा फिरायचा. मान्सं टेबलावर हात ठिवून बसल्याली. फोडनीचा वास आसा यायचा, काय सांगू. तुजी आय गाडीवर गप. मी बी गप. आंगाला उसाची कुसळं, आमाला कोन आत घेतंय?" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला एकदा हाटेलात बसव."

म्हटलं, चला.

हायवेवरच्या सगळ्यात भपकेदार हॉटेलात नेलं, फॅमिली गार्डन की काय म्हणतात त्यात. प्लॅस्टिकचं गवत, एसीला ओल्या पायपुसण्याचा वास, मेनूकार्ड बोटाला चिकटणारं. भाज्यांची नावं ढीगभर, पण फ्रीजमध्ये रस्से तीनच: लाल, पिवळा, पांढरा. नाना धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आले होते. दोन्ही हात टेबलावर ठेवून ताठ बसले, वरच्या पंख्याकडं बघितलं. शेजारच्या टेबलावरच्या लाल भाजीकडं बोट करून वेटरला म्हणाले, "त्ये."

पनीर आलं. नानांनी घास घेतला, चावला आणि थांबले. मला वाटलं टाके दुखले.

"ह्येच हाय व्हय?"

"हेच, नाना."

"न्हाई, ज्याचा वास यायचा त्ये ह्येच का?"

"हेच असणार."

आणखी एक घास घेऊन बघितला. तोंड वाकडं झालं. "गोड हाय रं ह्ये! आन् ह्यो खडूचा तुकडा कसला? अरारारा! आमी उगंच जळलो की रं इतकी वरसं!" आणि पोट दोन्ही हातांनी धरून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते टोपीनं पुसलं. मग हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, "ए भाऊ! ह्ये कुनी रांधलंय? माज्या बैलानं तोंड लावलं नसतं!"

टायवाला मॅनेजर धावत आला. "बाबा, काही प्रॉब्लेम आहे का?"

"प्राब्लेम तुजा हाय, माजा काय!"

सगळी टेबलं वळून बघायला लागली. मी इथं इतकी वर्षं खाली मान घालून गिळतो आणि पोटातल्या पोटात शिव्या देतो. एकदाही वेटरला टेबल पुसायला सांगायची माझी हिंमत झालेली नाही. इकडं नानांची गाडी सुटली होती. रोटी चामड्याची म्हणून मोडली आणि खाल्ली. डाळ पानचट म्हणून भुरकली. कांदा शिळा, लिंबू वाळकं, भात गिजका, एकेकाला नावं ठेवत सगळं पोटात. ताट रिकामं होत आलंय हे त्यांच्या लक्षात आलं असतं तर थांबले असते, म्हणून मी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर टोपी घालून दारात बसलेले. "चल, जिथं थुंकत्यात त्या खानावळीत जाऊ. बगू तरी कसं हाय."

गाव होतं तेवढंच घाणेरडं आहे, मी एक शब्द मागं घेणार नाही. पण इतकी वर्षं या खोलीला मी घर म्हणत नव्हतो, हल्ली तोंडातून चुकून निघतं. समोर आपलं माणूस बसलंय आणि माझ्याच ताटाला माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात शिव्या घालतंय. मला तरी घर म्हणजे आता एवढंच कळतं.

डॉक्टर म्हणतात, वजन धरलंय, आता गावी न्यायला हरकत नाही. काल आईचा फोन आला, "कवा येताय घरी?" नानांनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "थांब गं जरा," म्हणाले, "आजून दोन हाटेलं ऱ्हायलीत."