साहेब, आग्नेल आणि माझी आई

फोन आला तेव्हा मी भाईंदर पश्चिमेला, बँकेत काउंटरवर होते. शेजारची फिलोमिना बोलत होती. "साहेब दार उघडत न्हाय गो. तू ये." आमच्या गावी, पालीला पोचले तोवर लोकांनी दार तोडलं होतं. जेफ्री मावसा बिछान्यात भिंतीकडे तोंड करून निजला होता, अंगावरची चादरसुद्धा विस्कटली नव्हती. आई आमच्याच ओट्यावर, त्याच गल्लीत, बोंबील साफ करत बसली होती. मावसा गेला, मी तिला सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

त्याला दीड महिना झाला. गावाचा तो साहेब, माझा मावसा. सबिना मावशीचा इंग्रज नवरा. ब्रिटिश मरीन दलातून ब्रिगेडियर होऊन निवृत्त झालेला. मरीन म्हणजे जहाजातून होड्यांनी किनाऱ्यावर उतरून लढणारे शिपाई. शाळा संपली तसा तो त्यात शिरला, मिसरूड फुटायच्या वयात अधिकारी झाला, एका दूरच्या बेटावर लढला आणि पुढे आयुष्यभर बर्फात, वाळवंटात पलटणी घेऊन फिरला. मावशी तिकडे एका बंदरातल्या इस्पितळात नर्स होती. पाय मोडून हा तिच्या वॉर्डात आला. "मी ओरडले, तर हजार मानसांचा साहेब गप पडून राहिला," असं ती सांगायची आणि तो गंभीरपणे मान डोलवायचा. निवृत्तीनंतर तिला आपल्या गावी यायचं होतं, म्हणून तो पालीला आला, आमची बोलीही शिकला. त्यांच्या मुलाला, डॅनियलला, ते कधीच पटलं नाही. फोन हळूहळू नाताळपुरते उरले.

काही वर्षांतच मावशी कॅन्सरने गेली. सगळ्यांना वाटलं, आता हा परत जाणार. तो गेला नाही. आई त्याला रोज आमच्याकडे जेवायला बोलवायची. बहिणीचा नवरा म्हणून मान असायचाच, पण पुढे पुढे ती त्याला भावासारखी रागवायलाही लागली. माझा धाकटा भाऊ आग्नेल तर त्याच्यासोबतच असायचा. आग्नेल होडीवर जायचा आणि परत आला की मावशाला चिडवायचा, "साहेब, तुमी मोठ्या जहाजावरचे, आमच्या होडीत उलटी करता!" एकदा खरंच केली होती त्याने. ती गोष्ट सांगताना दोघं हसून हसून लाल व्हायचे. डॅनियलशी असं हसणं त्याला कधी जमलं नसावं... मी विचारलं नाही.

मग ती दुपार आली. पावसाळ्याआधी होड्या वर ओढायचे दिवस, शेवटची एक खेप म्हणून आग्नेलची होडी गेली होती. अचानक वारा फिरला. होडी उलटली, तिला धरून राहिलेल्या तिघांना दुसऱ्या होडीने उचललं. आग्नेल त्यांत नव्हता. मावसा कडक इस्त्रीचा शर्ट घालून या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरला. आपला हुद्दा सांगितला, नकाशावर प्रवाह कुठे नेईल ते दाखवलं. लोक खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. हेलिकॉप्टर आलं, फिरलं आणि काही दिवसांनी यायचं थांबलं.

गाव मात्र आईला धीर देत होतं. कुणी म्हणे, गुजरातच्या बोटीने उचललं असेल. कुणी म्हणे, वाहत पाकिस्तानच्या हद्दीत गेला असेल, तिकडच्या तुरुंगातून माणसं वर्षांनी परत येतातच की. आई ऐकायची आणि तिचा चेहरा उजळायचा. एका संध्याकाळी मावसा आमच्या घरी आला. आईसमोर तो नेहमी बसायचा, त्या दिवशी उभाच राहिला.

"रोझी, आग्नेल गेला. तो येनार न्हाय."

"तुमी बघितला?"

"न्हाय. पन मला दर्या ठाऊक हाय."

आई उठली. "माज्या पोराला तुमी तोंडानं मारला, भावजी. आता या घरात येऊ नका."

तो गेला. त्यानंतर त्याचा डबा मी नेऊन द्यायचे. एकदा मी चिडून विचारलं, कशाला बोललास? त्याने डबा उघडला. मग म्हणाला, त्या बेटावर उतरताना त्याच्या होडीतला एक पोरगा त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला. वरून हुकूम आला, घरी 'बेपत्ता' म्हणून कळवा. याने तेच केलं. त्या पोराची आई मरेपर्यंत बंदरावर जाऊन उभी राहायची. "त्यानंतर कुनाला खोटं बोललो न्हाय. मोठा साहेब झालो तरी माझी मानसं गेली की मी सोता दारावर जायचो." मग डब्याचं झाकण लावत तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं, खरं सांगितलं की वाट बघनं थांबतं..."

थांबलं नाही. आई अजूनही आग्नेलचं ताट वाढते. संध्याकाळी त्या ताटातला भात मांजरांना जातो. मावसा रोज तिच्या ओट्यावरून जाताना "रोझी" म्हणून थांबायचा, आणि ती आत निघून जायची. असं कितीतरी महिने चाललं. मी दोघांशीही बोलले, फादर बोलले. काही उपयोग झाला नाही. मावशाच्या दफनाला सगळं गाव होतं. मावशीच्या शेजारी त्याला ठेवलं. डॅनियल आला, दोन दिवस राहिला, किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला की घर विकायचंय, काय हवं ते घ्या. आई दफनभूमीत आली नाही.

परवा मात्र ती माझ्यासोबत त्या घरात आली. बहिणीची तांब्याची भांडी तिला हवी होती. भांडी मी पोत्यात भरली, तर आई मागे नव्हती. ती त्याच्या खोलीत होती. तिथे दाढीचा आरसा भिंतीवर त्याच्या उंचीला ठोकलेला आहे. मी त्यात बघितलं तर मला जेमतेम माझा भांग दिसतो. आई त्याच्याखाली टाचा उंचावून उभी होती. भेगाळलेल्या टाचा पुन्हा पुन्हा उचलत होती.

"यात कोनीच दिसत न्हाय," ती म्हणाली.

मी आरसा काढायला हात वर केला. तिने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे."