पहिलं मत माझं होतं

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, सख्ख्या बहिणीच्या नाही. विहारात वंदनेला बसले तरी हे तेवढं बाजूला सरकवून बसायचे. मग तुम्हालाच का सांगतेय? काय माहीत. ऐका.

अंबरनाथला आमच्या चाळीजवळ सिस्टरांची शाळा होती. ऐंशीच्या दशकात तिथे सल्लागार मंडळ निघालं. पगार नाही, मानधन नाही — अधूनमधून बैठक, चहा आणि नानकटाई. मुख्याध्यापिका सिस्टर विचारणार, आम्ही सल्ला देणार, आणि शेवटी सिस्टर त्यांना हवं तेच करणार. निदान मला तसं वाटायचं. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. आमच्या वस्तीतून त्या टेबलाशी बसलेली पहिलीच बाई! काय तो माझा रुबाब. बैठकीच्या दिवशी इस्त्रीची साडी, आणि नवऱ्याला ताकीद — आज मला कामं सांगायची नाहीत.

सिस्टर मतं विचारायला नेहमी उल्हासनगरच्या कापडवाल्या शेठजींपासून सुरुवात करायच्या. तिथल्या कॅम्प एक वस्तीत दुकान होतं त्यांचं. शेवटचा नंबर माझा. तोवर सगळं बोलून झालेलं असायचं. मी म्हणायचे, "सगळ्यांचं तेच माझं." सोपं काम, नाही का?

आता सुमनचं सांगते. सांगायलाच हवं. सुमन माझी शेजारीण, भिंतीला भिंत. तिची माया त्याच शाळेत नववीला. माझी ड्युटी दुपारची, आणि माझं धाकटं पोर तेव्हा दीड वर्षाचं. माया शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि त्याला कडेवर घ्यायची, ते मी येईपर्यंत. सगळं वर्ष. तिनं अभ्यास कधी करायचा, हे मी एकदा तरी विचारलं का? नाही विचारलं.

माया गणितात नापास झाली. शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा, आणि तो कसा लागतो हे सगळ्या अंबरनाथला ठाऊक होतं — कच्ची मुलं नववीतच थोपवायची, हातात दाखला द्यायचा. मायाला वर चढवायचं की दाखला द्यायचा, हा प्रश्न मंडळापुढे आला. सकाळी सुमननं माझा हात धरला. "ताई, तू आहेस तिथं, मग मला कसला घोर?" मी म्हटलं, "मी बघते."

त्या दिवशी शेठजी समोरच बसले होते. तरी सिस्टरांनी सुरुवात माझ्यापासून केली.

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मनात काय आलं — खरं सांगू? मायाचा चेहरा नाही आला. मनात आलं की आता हे म्हणतील, बघा, यांच्यातल्या एकीला खुर्ची दिली तर लगेच आपल्या माणसांचा वशिला लावायला लागली. असं कुणी म्हटलं नव्हतं हो! कुणीच नाही. मीच मनात म्हटलं आणि मीच त्याला घाबरले. मग ऑफिसातल्या त्या माझ्या खणखणीत आवाजात मी बोलले, "नियम सगळ्यांना सारखा हवा, सिस्टर. ओळखीपाळखी बघत बसलो तर शाळेचं नाव जाईल."

पुढचा म्हणाला, बाईंचं बरोबर आहे. त्याच्या पुढचाही तेच म्हणाला. माझंच वाक्य टेबलाभोवती फिरून आलं. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

फाटकाशी शेठजी स्कूटरला किक मारत होते. थांबले. "बहेनजी, मैं तो बोलनेवाला था, बच्ची को एक चान्स दे दो. लेकिन आप पडोसी होके ना बोली, तो मैं क्या बोलूं?"

म्हणजे? नुसतं 'हो' म्हटलं असतं तर पोरगी वर चढली असती? आणि सिस्टरांनी मला पहिलं विचारलं ते — त्यासाठीच?

घरी आले तर दारात सुमन उभी होती. मी काय सांगितलं असेल? "खूप भांडले गं. पण ऐकतंय कोण? आम्ही नुसते सल्ला देणारे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सुमननं ते स्वतःच्या पदरानं पुसलं.

माया उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागली. मग तिचं लग्न झालं.

नव्वदच्या दशकात ती आपल्या मुलीच्या प्रवेशासाठी त्याच शाळेत आली. मी आणि सुमन सोबत होतो. रांगेतल्या बायकांना सुमन सांगत होती, "माझ्या मायासाठी ही एकटी भांडली होती, एकटी!" मग ती नातीला पाणी पाजायला नळावर गेली. माया माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मावशी, मला तेव्हाच कळलं होतं. दाखला घेताना मी सिस्टरांना विचारलं. त्या खोटं नाही बोलल्या."

मी नळाकडे बघितलं. सुमन अजून तिथेच होती.

"आईला नाही सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय तिला होतं कोण?"

तेव्हाच कळलं होतं! म्हणजे त्यानंतरही, दिवसभर धागे कापून आल्यावर, माझ्या पोराला कडेवर घेऊन ती माझी वाट बघत दारात उभी राहायची — ते सगळं माहीत असताना. मी तिच्या हातातून पोर घ्यायचे आणि म्हणायचे, दमलीस का गं?

सुमन परत आली, आणि मी तिच्या हातातला पाण्याचा डबा धरला.

सुमन अजून शेजारीच राहते. अजून सगळ्यांना तेच सांगते. काल तिनं सुकटीची चटणी पाठवली होती. मी खाल्ली.