मेहुणी आणि किल्लीवाला

माझी मेहुणी एका लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. साठीला आली आहे, लग्न केलेलं नाही. तिच्याबद्दल मी लिहावं असं तिनेच सुचवलं, म्हणून हे धाडस. नीट जमेल की नाही, सांगता येत नाही.

आयुष्यभर लोकांनी तिला खडूस म्हटलं, शिष्ट म्हटलं. नवी साडी कशी दिसते असं कोणी विचारलं, तर जशी दिसते तसं सांगते. न कळवता कोणी घरी गेलं तर दार उघडून "आज नाही" म्हणते आणि लावून घेते. माझ्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या, "ही कोणावर गेली कोण जाणे!"

मध्यंतरी आमच्या लेकीने फोनवर मेंदूची ठेवण ओळखायची कसलीशी प्रश्नावली आणली आणि दुपारभर अख्ख्या घराला सोडवायला लावली. जावई विसराळू, म्हणून त्यांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची तऱ्हा. मी पाहुण्यांसमोर गप्प बसतो, म्हणून मी ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न. इतकी वर्षं मी स्वतःला नुसता लाजाळू समजत होतो.

"आणि मी?" आमच्या हिने विचारलं.

"आई, तू नॉर्मल निघालीस."

"हात्तिच्या! म्हणजे या घरात मीच जगावेगळी?"

सगळे हसले. मेहुणीही तेव्हा आमच्याकडे होती, ती हसली नाही. तिने ते प्रश्न पुन्हा वाचून घेतले आणि काही दिवसांनी एकटीच एका तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेली. बऱ्याच खेपा झाल्या. शेवटच्या खेपेनंतर आमच्याकडे आली ती उभ्या उभ्याच म्हणाली, "भाऊजी, मी खरंच ऑटिस्टिक आहे. बाई म्हणाल्या. म्हणजे मी उर्मट नाही."

तिचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता.

पण एक पंचाईत होती. लाँड्रीशेजारी एक किल्लीवाला बसतो, विधुर आहे. त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि तिलाही तो आवडायचा.

"त्याला हे सांगितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही," ती म्हणाली. मग हळूच, "ऐकून तो गेला तर हो?"

"आमच्याकडे चहाला बोलाव त्यांना," मी म्हणालो.

अशा माणसांना आवाज आणि उजेड सोसत नाही, असं लेकीने कुठेतरी वाचलं. झालं! रविवारी पडदे ओढले, पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली ठेवलं. कपबशी वाजायला नको म्हणून आमच्या हिने कागदी पेले काढले. जावई चवड्यांवर चालत होते. किल्लीवाला आत आला, अंधारातली कुजबुज ऐकली, टोपी काढून हातात धरली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कोणी गेलं का घरातलं?"

मेहुणीने उठून सर्रकन पडदे उघडले. "काय चालवलंय हे? मी दिवसभर मशिनांशेजारी उभी असते. त्या घरघरीत मला छान वाटतं!"

"पण मावशी, फोनवर तर लिहिलंय की..."

"फोनला विचारलंस. मला कुठे विचारलंस?"

मग किल्लीवाल्याकडे वळून तिने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि त्याच्या पायांकडे बघत उभी राहिली. आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला.

"मला त्यातलं फारसं कळत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला काय चालत नाही, तेवढं सांगा."

"मागून येऊन हात लावलेला. ठरलेलं ऐनवेळी बदललेलं. आणि जेवताना मी बोलत नाही."

"बरं. मी घोरतो. जोरात."

"एका लयीत?"

"शेजारी तर तसंच सांगतात."

"मग चालेल," ती गंभीरपणे म्हणाली. "हो."

जावयांनी शिट्टी मारली. आमची ही बहिणीला मिठी मारायला धावली आणि मध्येच थबकली. "मारू का गं?"

मेहुणी तिच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"समोरून ये," ती म्हणाली.