नाक्याच्या अलीकडचे आबा

समोरच्या माणसाला रामराम घालायच्या आधी आबा त्याच्या उपरण्याचं टोक चिमटीत धरत, अंगठ्याने दोनदा चोळत आणि मग विचारत, "कुठलं हाय हे?" गावच्या कोष्ट्याचं असं उत्तर आलं तर रामराम होई. विलायती मलमल निघाली तर रामराम राहून जाई आणि त्याच्या जागी उपदेश मिळे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आमच्या वाट्याला मात्र तो रोजचा होता. चकलांब्याच्या शिवाराबाहेर निजाम सरकारचा करोडगिरीचा नाका होता. पलीकडे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे आपला. नाका ओलांडणाऱ्या मालावर महसूल घ्यायचा, एवढंच आमचं काम, आणि मी तिथे कारकून. अशा नाक्यावरून जाताना माणसं तोंड चुकवतात, मनातल्या मनात आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आबा मात्र भाकरी खाऊन, देवळात जावं तसे नाक्यावर येऊन बसत.

व्यापाऱ्याची गाडी आली की आमच्या आधी हेच उठत.

"मोरस साखर व्हय? लावा दुप्पट. घासलेट? तिप्पट लावा."

मी म्हणे, "आबा, सरकारनं ठरवलंय तेवढंच घेता येतं."

"सरकारला काय कळतंय? तुमी लावा."

नाक्याचे मुख्य अधिकारी, आमचे अमीनसाहेब, हैदराबादचे. ते हसून म्हणत, "आबा, तुम तो सरकार से बी ज्यादा सरकारी हो गए." आबांना ती शाबासकी वाटे आणि ते पुढच्या गाडीकडे वळत.

घरी त्यांनी काडीपेटी बंद केली होती. ती विलायतेहून येते म्हणून. चूल चकमकीने पेटवायची असा हुकूम होता. त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणत असू. मावशींनी दोन सकाळी चकमक झाडली, बोटं सोलून घेतली आणि तिसऱ्या सकाळपासून शेजारणीकडून विस्तव आणायला सुरुवात केली. शेजारीण चूल काडीपेटीनेच पेटवी. पण विस्तवाला कोणी कुठला म्हणून विचारत नाही. आबा त्यावर भाजलेली भाकरी खात आणि म्हणत, "बघा, चकमकीच्या जाळाची चवच न्यारी!" मावशी पदर तोंडाला लावून आत जात.

एकदा मात्र मोठी पंचाईत झाली. नाक्यावरच्या एका गाठोड्यावर बसून आबा व्यापाऱ्यांना कोष्ट्याची थोरवी सांगत होते, तोच खुद्द कोष्टी ते गाठोडं न्यायला आला. त्यात सूत होतं. पलीकडून येणारं, गिरणीचं. आबा उठले. त्यांनी गाठोड्याकडे पाहिलं, मग आपल्या अंगावरच्या बाराबंदीकडे पाहिलं.

"कावून रे?" एवढंच ते म्हणाले.

"आबा, हातानं कातलेलं सूत आता मिळतंय कुठं?" कोष्टी म्हणाला.

दुसरा माणूस असता तर इथे थांबला असता. आबांनी एकुलत्या एक लेकीला, गोदाला, सूत कातायला बसवलं. गोदा गुणाची पोर. तिने हसत हसत एवढं जाड सूत कातलं की त्याचं धोतर नेसून आबा खाली बसले तरी धोतर थोडा वेळ उभंच राही.

त्यानंतर आबांचं 'आपलं' आकसायला लागलं. आधी विलायत सोडून सगळं आपलं होतं. मग नाक्याच्या अलीकडचं तेवढंच आपलं झालं. मग गेवराईचा बाजारही चालेना, कारण तिथे समदी भेसळ. शेवटी गावात पिकेल आणि गावात घडेल त्यावर गाडी येऊन थांबली. गावात मीठ पिकत नाही, हे मी एकदा त्यांच्या कानावर घातलं. त्यावर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

हे सगळं गमतीचं होतं, गोदा लग्नाला येईपर्यंत.

घाटनांदूरचं स्थळ आलं. आबा म्हणाले, "घाटावरचा माल. आपल्या पाण्याला टिकत न्हाई." गेवराईचं आलं, तर म्हणाले, "तालुक्याची हवा लागलेली हाय." मग शेवगावकडचं आलं. मुलगा देखणा, कष्टाळू, घरची शेतीवाडी. गोदा त्याच्याबद्दल काही बोलली नाही, पण पाहुणे गेले त्या संध्याकाळी तिचं सूत पहिल्यांदा बारीक निघालं. मावशींनीच मला हे सांगितलं. आबांनी मात्र झटकून टाकलं. "नाक्यापलीकडचा माल माझ्या दारात न्हाई."

त्या लोकांचा निरोप माझ्याकडे आला, कारण नाका ओलांडणारी माणसं माझ्या ओळखीची. आठवड्यात होकार आला नाही तर ते दुसरीकडे सोयरीक करणार होते. मी जाऊन सांगितलं. आबा ओसरीवर बसले होते. दाराआड गोदाचं कातणं थांबलं.

मावशी बाहेर आल्या.

"समदं गावातलंच पायजे ना? मग जावई बी गावातला आणा. सांगा, कोणता आणता? समदी आपली भावकी. समदे तिचे भाऊ."

आबा आपल्याच उपरण्याचं टोक चोळू लागले.

"आन् मी कुठली हो? शेवगावचीच की. मला कुठल्या शिवारात पिकवलंत?"

"तवा मला कळत नव्हतं," आबा पुटपुटले.

"आता बी कळत न्हाई," मावशी म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "कळवा त्यांना, होकार हाय म्हणून."

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी पाठवणीची गाडी नाक्यावर आली. आबा गाडीच्या साट्याला धरून चालत आले होते. रस्त्यावरच्या आडव्या बांबूपाशी ते थांबले.

"कारकून, माल भाईर चाललाय. महसूल लावा."

"आबा, लग्नाच्या सामानावर कोण घेतं?"

"सामानावर न्हाई. हिच्यावर."

शिपाई हसायला गेला आणि राहिला. मी म्हणालो, "लेकीवर महसूल नसतो, आबा."

"कावून नसतो? लावा की. एवढा लावा, की ह्या लोकांला झेपला न्हाई पायजे. मंग गाडी माघारी फिरवतील."

अमीनसाहेबांनी तोंड फिरवलं. इतकी वर्षं हा माणूस आमच्याकडे महसूल वाढवून मागत होता, पण असा काकुळतीला येऊन त्याने कधी मागितला नव्हता. मी शिपायाला बांबू उचलायची खूण केली. आबांचा हात मात्र साट्यावरून निघेना.

"आबा, बैलं ताटकळल्यात," गोदा म्हणाली आणि तिनेच त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

त्यानंतर आबा नाक्यावर आले नाहीत. मलमल येत राहिली, साखर येत राहिली, आम्ही ठरलेला महसूल घेत राहिलो. मावशी अधूनमधून लेकीकडे जात. एकदा मी त्यांना विचारलं, "आबांना बरोबर आणत नाही?"

"लई म्हणते चला म्हणून," मावशी म्हणाल्या. "पण येत न्हाईत. तो बांबू बघवत न्हाई म्हणत्यात."